वाकचौरे सर आणि चिमीचं पातेलं

संगमनेरात आमच्या आणि वाकचौरे सरांच्या घरामध्ये मागच्या बाजूला कंबरेएवढी भिंत आहे. आमचं अंगण इकडे, त्यांचं तिकडे. ती भिंत खरं तर काकूंची. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सुमनकाकू. दुपारची भांडी झाली की त्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहायच्या आणि माझ्या आईशी तासभर बोलायच्या. सर त्या बाजूला कधी फिरकायचे नाहीत. ते पुढच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे, हातात लाल पेन. छापील मजकुरातल्या चुकांना गोल करायचे.

सर शाळेत मराठी शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, पण शेजारीण असल्यामुळे तासातून सुटका नव्हतीच. "सर, माझी मदत कराल का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुझी मदत तू कर. मी तुला मदत करतो." दूधवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांची हीच गत. माणसं त्यांच्याशी बोलताना अडखळायची आणि मग बोलणंच आवरतं घ्यायची. सरांना ते कळत नसे असं नाही. पण चुकलेला शब्द तसाच जाऊ द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी हरिपाठाला बसत. आवाज जाड, थोडा फाटका, पण लयीत पक्का. आमच्या गृहप्रवेशाची बुद्धवंदना झाली त्या दिवशी ते फाटकापर्यंत आले होते. पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला, "नमस्कार गायकवाडबाई, शुभेच्छा" म्हणाले आणि फाटकातूनच वळले. वाईट बोलले नाहीत कधी. आतही आले नाहीत कधी. आई त्याबद्दल काही बोलायची नाही. फक्त त्यांचा विषय निघाला की "सभ्य माणूस आहे" असं म्हणायची, आणि "सभ्य" या शब्दावर किंचित थांबायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काकू गेल्या. दवाखान्यात चालत गेल्या होत्या, परत आल्या नाहीत. मुलगा हैदराबादला, त्याला वेळेवर पोचता आलं नाही. पुढे येऊन तो काही दिवस राहिला, "बाबा, तिकडे चला" म्हणाला. सर नाही म्हणाले. तो गेला, आणि त्या घरात सर आणि चिमी उरले.

चिमी ही काकूंची कुत्री. अंगानं तांबूस, एक कान पडलेला, साधी गावठी. पिल्लू असताना काकूंनी गटारातून उचलून आणली होती. सरांनी तिला घरात घेऊ दिलं ते एवढ्याच अटीवर, की घरात शिजतं तेच तिनं खायचं. दूधभाकरी, दहीभात, वरण. आणि चिमी त्यावर चांगली गोलमटोल वाढली, म्हणून सर लोकांना सांगायचे, "पाहा, कुत्रं शाकाहारी राहू शकतं."

काकू गेल्यावर चिमी उतरायला लागली. दूधभाकरी हुंगून सोडून द्यायची. पाठीवरचे केस जायला लागले. रोज दुपारी मात्र भिंतीशी यायची, पुढचे दोन पाय भिंतीला लावून उभी राहायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत बसायची.

एका दुपारी तिच्या मागोमाग सर आले. इतक्या वर्षांत त्या भिंतीपाशी मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"गायकवाडबाई, एक विचारू का?"

आई कपडे झटकत होती. "विचारा ना."

"ही रोज इथे येऊन उभी राहते. कशासाठी?"

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हातातली चादर दोरीवर टाकली आणि सरळ सांगून टाकलं. "काकू तिला अंडं घालायच्या. आमच्याकडचं. कधी आमच्यात कलेजी असली की मी तिच्यापुरती बिनमसाल्याची बाजूला काढायचे. काकू डब्यात घेऊन जायच्या."

"केव्हापासून?"

"पिल्लू होती तेव्हापासून."

सरांनी चिमीचा पडलेला कान खाजवला. ती तशीच उभी.

"हिनं मला सांगायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "हिनं" म्हणजे काकूंनी.

"सांगितलं असतं तर तुम्ही घालू दिलं असतं का?"

सरांनी खरंच विचार केला. "नाही," म्हणाले, आणि आत निघून गेले.

मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी ते रिक्षात घालून चिमीला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, रक्त कमी आहे, अंगात ताकद नाही, वय झालंय; मांस द्या. तयार खाद्याचं पाकीट आणलं ते चिमीनं पायानं ढकलून दिलं. आई म्हणाली, "मी देत जाईन की पूर्वीसारखं." सर म्हणाले, "तुमच्याकडे रोज नसतं. आणि सुमननं चोरून आणलं ते वेगळं. मी मागून आणायचं म्हणजे भीक झाली. मला करता आलं पाहिजे."

मग थोडा वेळ भिंतीच्या पोपड्यावरून बोट फिरवत उभे राहिले. "डॉक्टर म्हणाल्या, महागातलं मांस नको. दुकानात जे उरतं, आतडं-कोठा, म्हणजे वजडी म्हणतात ती, फोफसा, कोंबडीच्या माना, पेटा, ते नीट साफ करून शिजवलं तर चालतं. बाई, वजडी कशी धुतात?"

आई हसली नाही. "मला येत असेल असं वाटलं तुम्हाला?"

सरांचा चेहरा उतरला. कोणता शब्द चुकला ते त्यांना नेमकं कळलं होतं, आणि या खेपेला तो त्यांचा स्वतःचा होता. "माफ करा," म्हणाले.

"माफी नको. पण मी आयुष्यात वजडी धुतलेली नाही. माझ्या सासूबाई धुवायच्या. त्यांच्या वेळी वाट्याला तेच यायचं. म्हणून मी संसार मांडला तेव्हा ठरवलं होतं, माझ्या घरात ती यायची नाही." आईनं पदरानं हात पुसले. "थांबा. आमच्या आत्याबाईंना विचारू."

आत्याबाई कोपरगावला राहतात. आईनं फोन भिंतीवर ठेवला आणि स्पीकर लावला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिमी कोन? सून का?"

"कुत्री आहे आत्याबाई. शेजारच्या सरांची."

 मग त्या म्हणाल्या, "कुत्रीला वजडी! आन् मास्तर धुनार? बरं. कागूद-पेन हाय का त्यांच्याकडं? न्हाई म्हनता? मग ध्यान द्या म्हनाव. आदी मोकळ्या पान्यात चांगली खळबळायची. मंग कढत पान्यात बुडवायची, पन लई वेळ न्हाई, न्हाईतर साल चिकटून बसती. सुरीच्या बोथट बाजूनं खरवडायची. पांढरी फेक दिसंस्तवर. आन् ते पानी घरात उडू देऊ नगा. लांब वता. हात साबनानं धुवायचे. कळलं का मास्तर?"

"कळलं," सर म्हणाले. आत्याबाईंचा एकही शब्द त्यांनी सुधारला नाही.

पहिलं पातेलं रविवारी चढलं. मागच्या अंगणात तीन विटा मांडून चूल केली होती, घरातल्या गॅसवर ते कधीच शिजलं नाही. सरांनी जुना रेनकोट उलटा घातला होता, तोंडाला मास्क, त्यावर उपरणं. काकूंचं एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, वेगळी सुरी, वेगळा पाट. आई भिंतीच्या अलीकडून सूचना देत होती. वजडी पिशवीतून बाहेर काढली आणि सर उठून पेरूच्या झाडामागे गेले. ओकारीचा आवाज आला. परत आले, चूळ भरली, पुन्हा खाली बसले. पुन्हा उठले. असं बराच वेळ चाललं. आई एकदाही "राहू द्या, मी करते" असं म्हणाली नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना करायचं होतं गं. मी केलं असतं तर त्यांचं काय राहिलं असतं?"

शिजलेलं निवल्यावर त्यात भात आणि उकडलेला दुधी कालवला. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही; कुत्र्याच्या रक्ताला तो बाधतो असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. सरांनी थाळी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाले, "चिमीबाई, घ्या." ते तिला अहोजाहो करायचे. काकूंसारखं 'तू' म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही.

चिमीनं थाळी चाटून इतकी स्वच्छ केली की ती सरकत सरकत आमच्या भिंतीला येऊन लागली.

त्या पहिल्या पातेल्यासाठी सर बाजारातल्या रफिकभाईंच्या दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होते. दुकानावर पाटी होती, 'मटण-चिकण सेंटर'. सर फुटपाथवर थबकले. मला वाटलं आता कोंबड्यांचं राहिलं बाजूला. पण ते आत गेले, सगळं नीट विचारलं, जनावर आजच कापलेलं आहे ना, आजारी नव्हतं ना, हे बर्फात कधीपासून आहे. रफिकभाई म्हणाले, "गुरुजी, वेस्टेज लई निघतं आमच्याकडं. रोज फुकट न्या."

"वेस्टेज नाही," सर म्हणाले. "उरलेलं म्हणा."

"एकच की ते."

"एक नाही. उरलेलं म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचं. आणि शिळं तर मुळीच नको. उरलेलं आणि शिळं यांत फार अंतर आहे."

रफिकभाईंनी मान डोलावली. निघताना सर दारात थांबलेच. "पाटीवरचा ण काढा. न लिहा." पुढल्या वेळी गेलो तर पाटीवर ण तसाच होता, पण सरांची पिशवी सकाळीच वेगळी बांधून फ्रीजमध्ये ठेवलेली होती. पुढे कायम तशीच असायची.

सरांना त्या कामाची हळूहळू शिस्त लागली, आणि मला वाटतं शिस्तीबरोबर थोडी सोबतही. सकाळी ऊन चढायच्या आत ते पिशवी आणत. काळीज बेतानंच घालत. फार झालं तरी अपाय होतो. चरबी काढून टाकत. तुकडा मधोमध कापून आत लाली नाही ना ते बघत. शिजलं की पातेलं थंड पाण्याच्या परातीत उभं करून ढवळत बसत, म्हणजे लवकर निवतं. मग लहान डब्यांत भरून पडवीतल्या जुन्या फ्रीजमध्ये. तो फ्रीज त्यांनी खास तेवढ्यासाठी घेतला होता. एकदा उन्हाळ्यात हे सगळं तसंच टाकून ते लग्नाला गेले होते. पातेलं झाकून चुलीवरच राहिलं, संध्याकाळी वास ठीक वाटला म्हणून तिला घातलं. चिमीला रात्रभर जुलाब झाले. त्यानंतर सर लग्नांना जायचेच बंद झाले. लग्नांना त्यांना फारसं कुणी बोलावतही नव्हतं म्हणा.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दिवाळीच्या आसपासची दुपार. आई भाजी निवडत बसली होती, मी सुट्टीवर. मागून धपकन आवाज आला. सर भिंत ओलांडून आमच्या अंगणात उतरले होते, धोतराचा सोगा फाटलेला, दोन्ही हातांवर चिमी. चिमीचं तोंड उघडंच, लाळ गळत होती, घशातून घरघर. सर काही न बोलता सरळ आमच्या स्वयंपाकघरात आले आणि फरशीवर बसले.

"हाड," एवढंच म्हणाले. "अडकलंय."

सण म्हणून त्यांनी तिला शिजवलेल्या मटणातलं हाड दिलं होतं. कुत्र्याला हाड आवडतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, तसं सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण शिजलेलं हाड काचेसारखं फुटतं आणि त्याचं टोक घशात रुततं. आईनं टॉर्च धरला. मी चिमीचा जबडा धरायला गेले तर सर म्हणाले, "मला धरू द्या. चावली तर मला चावू दे." दिसत होतं, पण हात पोचत नव्हता. शेवटी मी स्कूटर काढली, सर मागे बसले, चिमी मध्ये. गावातून जाताना सर एकसारखं बोलत होते तिच्याशी, "अहो बाई, जरा दम धरा. पोचलोच." मग एका वळणावर एकदम आवाज बदलला. "चिमे, जाऊ नको गं. तूही जाऊ नको."

मी आरशात पाहिलं नाही.

डॉक्टरबाईंनी चिमट्यानं ते हाड काढलं. सुईसारखा तुकडा होता. सर भिंतीशी उभे राहून तो हातात घेऊन बघत राहिले. घरी आल्यावर त्यांनी मास्क आणि हातमोजे कोपऱ्यात ठेवून दिले. पुढे माना असोत, पाय असोत, शिजून निवल्यावर ते उघड्या बोटांनी सगळं मांस चाचपून काढायचे. एकेक घास दोन बोटांत दाबून बघायचे. "डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं," म्हणायचे. माळ घातलेला माणूस, मांडी घालून, डोळे मिटून, परातीतलं मांस चाचपतोय. लांबून बघणाऱ्याला वाटावं जपच चाललाय.

लांबून बघणारे होतेच.

सरांचे थोरले भाऊ अकोले तालुक्यातल्या गावाहून आले. त्यांनी मागच्या अंगणातली चूल पाहिली, परात पाहिली, आणि ओट्यावरच बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी आमच्याकडे राहिलेले काकूंचे डबे परत करायला गेले होते, त्यामुळे ऐकणं चुकलं नाही.

"गळ्यात माळ हाय ना तुझ्या?"

"आहे."

"मंग हे काय चाललंय?"

"मी खात नाही, दादा. शिजवतो."

"हात तर लावतो ना? आपल्या घरात असलं कधी झालं न्हाई. कुत्र्यापायी धरम बुडवतो व्हय रं?"

सरांनी भावापुढचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाले, "दादा, सुमन रोज हे करत होती. माझ्यापासून लपवून. या मुक्या जिवाला काय हवं ते तिला कळत होतं आणि मला कळत नव्हतं. ती बुडाली असेल तर मलाही बुडू दे."

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं गेले. पुन्हा आले नाहीत.

देवळात मात्र कुणी असं तोंडावर बोललं नाही. तिथे सरांच्या दोन्ही बाजूंची जागा आधी थोडी रुंद झाली. मग टाळ वाटताना त्यांच्या हातात टाळ यायचा राहून जाऊ लागला. एकदा मंडळातले एक जण रस्त्यात गाठून फार गोड बोलले, "सर, तुम्हाला हल्ली दगदग होत असेल. घरीच म्हटलं तरी देवाला पोचतं." सर "बरोबर आहे" म्हणाले. एरवी शब्दाशब्दाला अडवणारा माणूस, त्या वाक्यात एकही चूक काढू शकला नाही.

तेव्हापासून संध्याकाळी त्यांचा हरिपाठ ओट्यावर ऐकू यायचा. एकट्याचा. टाळ घरात होता, पण एकट्यानं टाळ धरला की तो फार मोठा वाजतो, म्हणून असेल, ते मांडीवर थाप देत म्हणायचे. जिथे बाकीच्यांनी ओळ उचलायची तिथे सवयीनं थांबायचे. ती थांबलेली जागा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. आई भाकरी थापायची थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. "जाऊन बसू का मी तिथं?" असं एकदा ती मला म्हणाली. "पण मला येत नाही त्यातलं काही." गेली नाही. मी म्हटलं असतं तर कदाचित गेली असती.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. "बाबा, हे सगळं कशाला करताय? तयार खाद्य मागवतो मी घरपोच." सर म्हणायचे, "ती खात नाही ते."  सर फोन ठेवायचे आणि पातेल्याकडे वळायचे.

एक गोष्ट आईच्या लक्षात आली, माझ्या नव्हे. सरांच्या घरातून चिमीच्या चुलीचा धूर रोज निघायचा, पण त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास क्वचितच यायचा. आईनं एकदा सरळ विचारलं, "सर, तुम्ही जेवता काय?"

"दूधभाकरी," ते म्हणाले.

"रोज?"

"चिमीबाईंनी सोडलीय ना. वाया कशाला घालवायची?" विनोद केल्यासारखं हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून ती आमटीचा डबा भिंतीवर ठेवायला लागली. सरांनी पहिले काही दिवस डबा तसाच राहू दिला. नंतर एक दिवस डबा धुऊन परत आला, आत एक पेरू.

चिमी त्या पातेल्यावर चांगली जगली. केस परत आले, डोळ्यांत चमक आली. रोज सकाळी डाव्या हातात साखळी धरून सर तिला फिरवून आणायला लागले, खांबाखांबाशी थांबत. पण वय काही परतत नाही. शेवटच्या पावसाळ्यात तिचं ऐकणं गेलं, मग मागचे पाय. सर तिला दोन हातांनी उचलून बाहेर न्यायचे, आत आणायचे. खाणं पेजेसारखं पातळ करून बोटानं तिच्या ओठाला लावायचे. एका सकाळी ती त्यांच्या पायावर मान टाकून गेली. त्रास झाला नाही. सरांनी पेरूच्या झाडाखाली स्वतः खड्डा खणला. मी खोरं मागितलं तर दिलं नाही. आई भिंतीशी हात जोडून उभी राहिली.

संध्याकाळी हरिपाठ झाला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सर सकाळी नेहमीच्या वेळी पिशवी घेऊन रफिकभाईंकडे गेले. हे मला रफिकभाईंनी नंतर सांगितलं. "त्यांना म्हटलं नाही मी काही. मला ठाऊकच नव्हतं चिमी गेली ते. पिशवी बांधलेली होती, दिली. गुरुजींनी घेतली. 'बरं का रफिकभाई' म्हणाले, आणि काही पुढं बोललेच नाहीत."

सरांनी ते घरी आणलं. धुतलं. चूल पेटवली. शिजवलं, परातीत निववलं, एकेक घास दाबून हाडं काढली. भात आणि भोपळा कालवला. आईला वाटलं गल्लीतल्या कुत्र्यांना घालणार असतील. दुपारी ते पातेलं दोन्ही हातांत धरून भिंतीपाशी आले.

"गायकवाडबाई," म्हणाले, "हे झालं करून."

आईनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"हात थांबेनात. करून झालं आणि मग लक्षात आलं. आता हे कुणाला घालू?" त्यांचा आवाज अगदी साधा होता, एखादा पत्ता विचारावा तसा. "ती होती तेव्हा ठाऊक होतं कुणासाठी उठायचं. सुमन गेली तेव्हा मला रडायला आलं नव्हतं बाई. हिचं खाणं करायचं होतं. सवडच झाली नाही. आता आहे सवड."

आणि पातेलं भिंतीवर ठेवून ते तिथेच, पेरूच्या झाडाखालच्या ताज्या मातीशेजारी खाली बसले. मोठ्यानं रडले नाहीत. खांदे हलत होते फक्त. आईनं भिंत ओलांडली नाही, ती वयानं ओलांडू शकली नसती. ती पुढच्या रस्त्यानं वळसा घालून, त्यांचं फाटक उघडून, घरातून मागच्या अंगणात गेली आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसली. दोघं बराच वेळ बसून होते. मी भिंतीच्या या बाजूला होते. पातेलं मी उचललं आणि बसस्टँडमागच्या कुत्र्यांना घालून आले. एवढंच मला सुचलं.

त्यानंतर देवळातली माणसं आली. "सर, आता यायला हरकत नाही," म्हणाली. सर त्यांना चहा देऊन म्हणाले, "हरकत कुणाची होती?" पुढे एकदा गेलेही, मागे, खांबाशी बसले आणि सगळ्यांच्या आधी उठून आले. पुन्हा गेले नाहीत. आईनं एक पिल्लू सुचवलं, तर म्हणाले, "त्याचं माझ्यामागे कोण करील?" मुलानं हैदराबादला नेलं, दिवाळी झाली तसे परत आले. तिकडे सगळे चांगले होते, म्हणाले. फक्त त्यांना करायला काही नव्हतं.

मधल्या काळात माझी बदली नगरला झाली. सावेडीत खोली घेतली, आठवड्याला घरी यायचे. सर मागच्या वर्षी थंडीत गेले, झोपेत. मला पोचायला उशीर झाला. आई सांगत होती, रफिकभाई दुकान बंद ठेवून आले होते, आणि थोरले भाऊ आले नाहीत.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी. सोमवारची सकाळ, मी नगरच्या एसटीत खिडकीशी. प्रवरेच्या पुलाअलीकडे गाडी वाहतुकीत अडकली होती. रस्त्याच्या कडेनं सर चालत होते. पांढरं धोतर, कानटोपी. फार हळू चालत होते, त्यांच्या वयालाही न शोभेल इतकं हळू. विजेच्या खांबाशी आले आणि थांबले. खांबाकडे पाठ करून, दुसरीकडे बघत, थोडं थांबून राहिले, कुणाला तरी सवड द्यावी तसे. मग निघाले. डावा हात किंचित मागे, खाली सोडलेला. पुढचा खांब आला. पुन्हा थांबले.

मी खिडकी सरकवून हाक मारणार होते. तेवढ्यात गाडी सुटली.